ओला गांजा, सुका कायदा

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आजच्या पोस्टचा विषय गांजा आहे. डोंबिवलीची मावशी हे वाचते, पुण्याचे भाऊजी वाचतात, आणि भाऊजींचा रात्री फोन येणार हेही ठाऊक आहे. तेव्हा खुलासा करून ठेवतो. मी ओढत नाही, कोणी ओढावा असं सांगत नाही, आणि तो खुला करावा की नाही या वादात मला आज पडायचंच नाही. मला बोलायचंय ते साठवणुकीबद्दल. कापलेला पाला पोत्यात भरून ठेवला की त्याचं काय होतं, आणि ते सरकारदरबारी कोणी लक्षात घेत नाही म्हणून माणसं किती वर्षं आत बसू शकतात, याबद्दल.

हा विषय मला का सुचावा? तर मुलुंडच्या एका औषध कंपनीत मी २९ वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. आमच्याकडे सोनामुखी, अडुळसा, इसबगोल असा वनस्पतींचा कच्चा माल पोत्यांनी यायचा. गाडी गेटवर आली की पहिली तपासणी ठरलेली : मूठभर माल घ्यायचा, वजन करायचं, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवायचा, पुन्हा वजन करायचं. फरक म्हणजे पाणी. याला 'लॉस ऑन ड्राइंग' म्हणतात. कारण साधं आहे. पाल्याच्या पोत्यात तुम्ही पाला विकत घेता, पाणी नाही. व्यापारी माल भिजवून आणायचे, आणि आम्ही पाण्याचे पैसे कापायचो. बस, एवढीच माझी विद्वत्ता. पण या एवढ्याशा विद्वत्तेवर एनडीपीएस कायदा वाचला आणि डोकं गरगरलं.

ज्यांना क्वालिटी कंट्रोल वगैरे नको असेल त्यांनी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जावं. ओले बोंबील वलांडीवर टांगतात आणि चार दिवसांनी काड्या काढतात. टोपलीभर ओल्याचा ओंजळभर सुका होतो. आता समजा उद्या कोणी कायदा केला की वीस किलोपेक्षा जास्त बोंबील बाळगणाऱ्याला दहा वर्षं सक्तमजुरी. तर तुमचा पहिला प्रश्न काय असेल? ओले की सुके?

हाच प्रश्न गांजाच्या बाबतीत कायदा विचारत नाही.

१९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत गांजाची 'अल्प मात्रा' १ किलो आणि 'व्यापारी मात्रा' २० किलो ठरली. एक किलोपर्यंत असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा नुसता दंड. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत, म्हणजे न्यायाधीश सहा महिनेही देऊ शकतात. पण काटा वीसच्या वर गेला की किमान दहा, कमाल वीस वर्षं, आणि किमान एक लाख रुपये दंड. शिवाय कलम ३७ लागतं. म्हणजे जामीन हवा असेल तर आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटला चालण्याआधीच! व्यवहारात याचा अर्थ आर्थर रोड, तळोजा किंवा ठाण्याच्या तुरुंगात तारखा मोजत बसणं.

आता माझं गणित बघा. हे उदाहरण मी रचलेलं आहे, कोणाच्या खटल्यातलं नाही. समजा पोत्यात २०.८ किलो गांजा सापडला आणि त्यात १८ टक्के ओलावा होता. म्हणजे सुका माल १७ किलोच्या जरासा वर. तोच माल तीन महिने कोरड्या खोलीत पडला आणि ओलावा १० टक्क्यांवर आला, तर वजन भरेल साधारण १८.९५ किलो. एक पानही कोणी काढलेलं नाही. माणूस तोच, पोतं तेच. पहिल्या काट्यावर किमान दहा वर्षं, दुसऱ्या काट्यावर कमाल दहा वर्षं. मधल्या काळात उडून गेलं ते पाणी.

आणि हे उलटही होतं बरं का. मुंबईच्या जुलैत डब्याबाहेर ठेवलेला पापड संध्याकाळपर्यंत सादळतो. चौकीतलं गोणपाट कसं सादळणार नाही? उन्हाळ्यात पकडलेला १९ किलोचा माल ऑगस्टमध्ये पुन्हा तोलला तर तो २० च्या वर जाणारच नाही, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

पुढे कोर्टात जी गंमत होते ती गंमत म्हणवत नाही. पंचनाम्यात एक वजन, दंडाधिकाऱ्यांपुढच्या यादीत दुसरं. आरोपीचा वकील म्हणतो, मुद्देमालात हात घातला. सरकारी वकील म्हणतो, साहेब सुकला. दोघंही खरं बोलत असू शकतात आणि दोघंही खोटं. पहिल्या दिवशी ओलावा मोजून लिहिला असता तर हा वाद पाच मिनिटांत मिटला असता. धान्याचा ओलावा मोजायचं यंत्र आडत्याच्या गादीवरसुद्धा असतं हो.

यावर एक जण म्हणाला (आमच्याच सोसायटीतले, सकाळी चालायला बरोबर असतात), की एवढी बारीक गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात कशी येणार? यावर माझा खरा संताप आहे. कारण ही गोष्ट सरकारच्या डोक्यात आहे. चांगली पक्की आहे. फक्त सोयीपुरती आहे.

याच एनडीपीएस कायद्याखाली मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले परवानाधारक शेतकरी अफू पिकवतात. ती अफू केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो विकत घेतो. घेताना नुसतं वजन बघतात का? छे! अफू ७० अंश घनतेला किती भरते ते काढतात, म्हणजे पाणी वजा करून हिशोब होतो, आणि मग पैसे. शेतकऱ्याला पाण्याचा एक पैसा मिळत नाही. आपल्याकडचं सोयाबीन घ्या. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट. २०२४ च्या नोव्हेंबरात, ऐन निवडणुकीच्या तोंडावर, ती १५ टक्के केली तेव्हा केवढी चर्चा झाली! कापसालाही ओलाव्याप्रमाणे भाव पडतो. म्हणजे सरकार पैसे देतं तेव्हा पाणी वजा, आणि माणसाची वर्षं घेतं तेव्हा पाणी धरून. व्यापाऱ्याने असं दोन प्रकारचं माप ठेवलं तर वजनमापवाले त्याचं दुकान सील करतात.

ओलाव्यावरच हे थांबत नाही. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तेव्हा बिया आणि पानं वगळलेली आहेत (म्हणून तर भांग वेगळी राहिली). देठ, खोड, मुळं तर व्याख्येत कुठेच नाहीत. आता धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी तुरी-कपाशीच्या आडून लावलेली गांजाची शेतं पोलीस उपटतात, त्या बातम्या आठवा. फोटोत काय दिसतं? मुळासकट उपटलेल्या हिरव्यागार झाडांचा ढीग. आणि खाली मथळा, इतके क्विंटल गांजा जप्त. लागवडीच्या गुन्ह्याला वेगळं कलम आहे, त्याला वजनाशी देणंघेणं नाही, ते लावा की. पण तो हिरवा ढीग मातीसकट तोलून 'व्यापारी मात्रा' म्हणायचं? ताज्या झाडात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. उरलेल्यात खोड आणि फांद्या. मंडईतून कोथिंबिरीची जुडी आणली तर माझी बायको मुळं आणि दांडे काढून म्हणते, बघ, अर्धी गेली. ती घाटकोपरच्या मार्केटमध्ये दर आठवड्याला जे करते ते पंचनाम्यात करायला काय हरकत आहे?

मुंबई उच्च न्यायालयाने जामिनाच्या काही आदेशांत हे हेरलं आहे. शेंडे वेगळे न काढता पानं, बिया, देठ सगळं एकत्र तोललं, तेव्हा व्यापारी मात्रा आहे असं प्रथमदर्शनी म्हणता येत नाही, अशी भूमिका घेतली आहे. उत्तम. पण हे ज्याला उच्च न्यायालयापर्यंत जाणारा वकील परवडतो त्याच्यासाठी. ओडिशा-आंध्रच्या सीमेवरून चार-पाच हजार रुपयांसाठी पिशवी घेऊन लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरलेल्या पोराला कोण वकील देणार? आणि ज्याचा माल आहे तो तर गाडीत कधीच नसतो.

थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्याला वाटतं की ही शास्त्रीय भानगड नवी आहे. १८९३ साली ब्रिटिश सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. कमिशनने अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. त्यातला 'सरसकट बंदी नको' हा निष्कर्ष सगळे सांगतात. मला त्यातला साठवणुकीचा भाग जास्त आवडतो. तेव्हा मुंबई इलाख्यातला गांजा मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात पिकायचा. बंगालात नौगावला, मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूला. गांजाचे प्रकार कसे बनतात तेही लिहिलेलं आहे. तुडवून बनवलेला तो चपटा, वळून बनवलेला तो गोल, आणि मोडून गळालेला तो चूर. लागवडीला परवाना, नेण्याला पास, ठेवायला देखरेखीखालची गोदामं. आणि माल जुना झाला की त्याचा जोर जातो हे त्या काळच्या व्यापाऱ्याला माहीत, अबकारीवाल्याला माहीत, ओढणाऱ्याला तर माहीतच. अर्थात इंग्रजांचं प्रेम महसुलावर होतं, आपल्यावर नव्हे. पण ज्या वस्तूवर कर घ्यायचा ती वस्तू काय आहे, ती कशी सुकते, किती दिवस टिकते, हे त्यांनी बसून समजून घेतलं. तुरुंगात टाकण्यासाठी मात्र आपल्याला एवढंही समजून घ्यावंसं वाटत नाही.

(महाराष्ट्रात बंदी १९८५ च्या एनडीपीएसपासून आली असं बरेच जण लिहितात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात भांग-गांजा होतेच. असो.)

जोर जातो म्हणजे नेमकं काय होतं? गांजातलं मुख्य द्रव्य टीएचसी. हवा, उजेड आणि उष्णता यांनी त्याचं हळूहळू सीबीएन नावाच्या द्रव्यात रूपांतर होतं, आणि ते फारच सौम्य. यातलं सीबीएन आधी सापडलं, १८९० च्या दशकात केंब्रिजमध्ये, हिंदुस्थानातून गेलेल्या चरसातून. मूळ टीएचसी सापडायला १९६४ उजाडलं. विलायतेच्या डॉक्टरांची तक्रारच असायची की हिंदुस्थानी गांजाचं औषध एका बाटलीत लागू पडतं आणि दुसऱ्या बाटलीत पाणी. बोटीत, गोदामात, दुकानाच्या फळीवर माल म्हातारा होत होता. शेवटी १९३२ मध्ये ब्रिटिश फार्माकोपियातून ते नाव गेलं. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाने साठवलेल्या नमुन्यांवर केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. खोलीच्या साध्या तापमानाला पहिल्या वर्षात टीएचसी सुमारे १७ टक्के घटतं, चार वर्षांत ४१ टक्के. आणि ही तिथली खोली आहे. आपल्या चौकीच्या पत्र्याखालची मे महिन्यातली खोली नव्हे.

आता आपल्याकडे नमुन्याचं काय होतं बघा. १९८९ च्या स्थायी आदेशात लिहिलं होतं की गांजाचा नमुना २४ ग्रॅमचा, प्लास्टिकच्या पिशवीत उष्णतेने सीलबंद. ७२ तासांत प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि उरलेला माल दुहेरी कुलपाच्या तिजोरीत. कागदावर छान. पण ओला पाला प्लास्टिकमध्ये सील केला तर काय होतं हे फ्रीजमध्ये कोथिंबीर विसरलेल्या कुठल्याही गृहिणीला विचारा. पाणी सुटतं, बुरशी धरते, काळा चिखल होतो. आमच्याकडे अडुळशाचा नमुना असा आला असता तर मी तो उघडायच्या आधी परत पाठवला असता. इथे तो कालिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि त्याच्यावर एका माणसाची वर्षं अवलंबून असतात. अमली पदार्थविरोधी कक्षाच्या घाटकोपर युनिटपासून कालिना किती लांब आहे? रिक्षाने तासभर, तेही एलबीएसवर ट्रॅफिक असेल तर. अंतराचा प्रश्न नाहीच. आदल्या टप्प्यात माल सुकवला का, हवा लागेल असा ठेवला का, हा प्रश्न आहे.

तुलनाच करायची तर अंधेरीच्या विमानतळावर करा. गेल्या दोन-तीन वर्षांत बँकॉकहून येणाऱ्या 'हायड्रोपोनिक' गांजाच्या बातम्या आठवड्याला एक या वेगाने वाचतोय. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली, पण मधल्या काळात धंदा बसला तो बसलाच. त्या बॅगांतला माल हवा काढलेल्या पाकिटांत, नीट बंद केलेला असतो. चोराला वास लपवायचा असतो आणि मालाचा भाव टिकवायचा असतो, म्हणून तो काळजी घेतो. तोच माल कायद्याच्या ताब्यात आला की त्याचे हाल सुरू. पुरावा हा मालापेक्षा मोलाचा असायला नको का?

आता उंदीर. मला वाटत होतं एव्हाना सगळ्यांना ठाऊक असेल, पण परवा फोनवर भावाला सांगितलं तर त्याला पटेना. २०२२ च्या नोव्हेंबरात मथुरेच्या पोलिसांनी विशेष न्यायालयाला सांगितलं की दोन ठाण्यांत ठेवलेला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला. २०२३ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने दोघांना सोडलं, कारण बावीस किलोपैकी बराचसा मुद्देमाल उंदरांनी फस्त केला होता. २०२४ मध्ये धनबादजवळच्या राजगंज ठाण्याने १० किलो भांग आणि ९ किलो गांजाबद्दल तेच सांगितलं. अर्जेंटिनात २०१८ साली पोलिसांनी अर्ध्या टनाहून जास्त गांजा उंदरांच्या नावावर टाकला, तेव्हा ब्यूनस आयर्स विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी साधा मुद्दा मांडला : उंदीर याला अन्न समजण्याची शक्यता कमी, आणि इतकं खाल्लंच असतं तर गोदामात मेलेल्या उंदरांचा खच पडला असता. तिथे आठ पोलिसांची नोकरी गेली. आपल्याकडे उंदरांची बदनामी झाली.

उंदराने खाल्ला असेल तर साठवण वाईट. माणसाने विकला असेल तर साठवण त्याहून वाईट. आणि सुकून घटला असेल तर तो सुकला हे सिद्ध करायला कागद नाही. तिन्ही बाजूंनी गोष्ट एकाच खोलीपाशी येते.

सर्वोच्च न्यायालयाला ही खोली दिसली नाही असं नाही. २८ जानेवारी २०१६ च्या निकालात सरन्यायाधीश ठाकूर यांच्या खंडपीठाने जप्त मालाच्या साठवणुकीवर आणि विल्हेवाटीवर ताशेरे ओढले. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोरच काढायचे, साठवणुकीच्या जागा उभारायच्या, माल वेळेत नष्ट करायचा, सगळं सांगितलं. कलम ५२-अ तर १९८९ पासून आहे, आणि त्यातच लिहिलंय की अशा मालाची चोरी होऊ शकते, अदलाबदल होऊ शकते, ठेवायला जागा नसते, म्हणून तो लवकर नष्ट करावा. डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियमही आले. पण २०२५ च्या जानेवारीत त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ५२-अ ची प्रक्रिया चुकली एवढ्यावरून खटला आपोआप पडत नाही. कायदेपंडितांना यात तोल दिसेल. मला मुद्देमाल कारकुनाचा सुटकेचा निःश्वास ऐकू येतो.

भाऊजी फोनवर काय म्हणणार ते मी आत्ताच लिहून ठेवतो. "अरे, गंजड्यांची एवढी कणव कशाला? कॉलेजबाहेर विकतात ते, तुझ्या नातीच्या." भाऊजी, विकतात. मला माहीत आहे कुठे विकतात, स्टेशनच्या पुलाखाली, आणि माझंही रक्त तापतं. पण चेन्नईत सुटले ते कशाने सुटले? माझ्यासारख्याच्या कणवेमुळे नव्हे. माल नीट ठेवला नाही म्हणून. ढिसाळ गोदाम दोन्हीकडून कापतं. विकणारा सुटतो आणि पिशवी वाहणारा पाण्याच्या वजनावर दहा वर्षं जातो. कडक कायदा हवा असणाऱ्यांनी तर माझ्याआधी ओलावा मोजायची मागणी करायला हवी होती.

आणि मागणी मोठी नाहीच. जप्तीच्या दिवशी शेंडे वेगळे करा, वेगळे तोला. ओलाव्याचा आकडा पंचनाम्यात लिहा, पंचांच्या सह्यांसकट. ओला माल सावलीत, जाळीखाली, कॅमेऱ्यासमोर सुकवा आणि मग कागदाच्या पिशवीत भरा. २० किलोची मर्यादा कोणत्या ओलाव्याला धरायची तो आकडा अधिसूचनेत घाला. सोयाबीनला घातलाय तसा, एका ओळीचं काम आहे. नमुने आणि फोटो झाले की उरलेला ढीग महिन्याभरात जाळा. वर्षानुवर्षं ठेवून तो ना पुरावा राहतो ना माल.

हेच सगळं मराठीत टाइप करून मी गृह विभागाला आणि दिल्लीला महसूल विभागाला पाठवतोय. मुलुंडच्या पोस्टातून, रजिस्टर एडीने. आमच्या ब्लॉगर मंडळींत दोन वकील आणि एक निवृत्त फौजदार आहेत. त्यांनी मसुदा वाचून कलमांचे आकडे तपासून द्यावेत ही विनंती. फौजदारसाहेब, तुम्ही चिडणार हे धरून चाललोय, पण चिडून का होईना, तुमच्या वेळी ठाण्यात पोती कुठे ठेवत होतात ते खाली लिहाच.